अब्बांचं वय

"काका, तुमचा कॉम्प्युटर कधी नापास झालाय का?"

मैत्रिणीनं, पूर्णिमानं पैज लावली होती, म्हणून मेहरीननं अब्बांच्या कंपनीच्या ऑफिसात शिरून बेधडक विचारलं. इथं आखातात राहायच्या परमिटचं काम बघणारे दत्तप्रसादकाका काही हसले नाहीत.

"तो म्हणतो, तुझ्या अब्बांचा जन्म एकोणीसशे अडतीसचा. म्हणजे यंदा साठ पूर्ण. साठीनंतर तो परमिटचा फॉर्मच छापत नाही. मी काय करू?"

"साठ? परवा जिदहफ्सच्या बाजारातून तांदळाचं पोतं आणलं, खांद्यावर घेऊन तीन जिने चढले ते!"

"मला दिसतं गं. त्याला कुठं दिसतं? महिनाअखेरपर्यंत जन्माचा पुरावा आण. नाहीतर खलास."

अब्बा बाहेर बाकावर पेपर वाचत होते. काकांनी दारातून दोनदा हाक मारली, "जमालुद्दीन!" अब्बांनी मान वर केली नाही. हे नेहमीचंच. रेडिओवरच्या बातम्या मात्र त्यांना मोरीतूनही ऐकू यायच्या.

"एजंटनं पासपोर्टात वर्ष चुकवलं," घरी आल्यावर अब्बा म्हणाले. "जाऊ दे. गावी जाऊ."

"आणि माझी दहावी? चूक एजंटची, शिक्षा मला?"

"अहो, सांगा ना तिला," अम्मी म्हणाली. अब्बांनी नुसतं पाहिलं. "म्हणजे... हट्ट सोड म्हणून सांगा."

हट्ट सोडेल ती मेहरीन कसली! गावाकडच्या दादीला विचारण्यात अर्थ नव्हता. ती फोनवर अब्बांना लाडानं 'कमाल' म्हणायची, पण सन-तारीख तिला कधीच आठवत नसे. तेव्हा मेहरीननं मोडक्यातोडक्या मराठीत रत्नागिरीकडच्या गावच्या शाळेला पत्र टाकलं. जमालुद्दीन यांचा दाखला पाठवा, फार निकड आहे. घरी चकार शब्द काढला नाही.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. आत दाखला होता, त्यावरही वर्ष अडतीसच; सोबत हेडमास्तरांची चार ओळींची चिठ्ठी. मेहरीननं ती जिन्यातच वाचली. मग पायरीवर बसून पुन्हा वाचली.

"मिळाला? यल्ला, चल ऑफिसात!" खालून पूर्णिमा ओरडली.

"तू जा."

जेवायला बसल्यावर तिनं पाकीट अब्बांच्या ताटाशी ठेवलं. अम्मीचा हात भाताच्या टोपातच थांबला.

"तिकिटं काढा, अब्बा. दहावी मी रत्नागिरीत करीन, आणि पहिली येऊन दाखवीन," मेहरीन म्हणाली. "फक्त गावात पोचलो की आधी, ज्यांचं नाव घेऊन तुम्ही इथं आलात, त्या जमालुद्दीनचाचांच्या कबरीवर जायचं."