गोकुळची गाडी

"काका, हे उंदराचं काम नाही," डॅशबोर्डखालून डोकं बाहेर काढत प्रेमानंद म्हणाला. "वायर ब्लेडनं कापेल हाये."

जळगाव जामोदला प्रेमानंदचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. किसनरावांची जुनी एसयूव्ही तिसऱ्यांदा टोचन करून तिथं आली होती. पहिल्यांदा उंदरानं कुरतडलं असेल म्हणून प्रेमानंदनं वायरी जोडून दिल्या. दुसऱ्यांदा आतलं सगळं वायरिंग नवीन टाकलं. त्या पैशात एखादी दुभती म्हैस आली असती.

"घरातलंच कोणी असंन," तो हळूच म्हणाला. "विकून टाका आता."

"गोकुळची गाडी हाये," किसनराव एवढंच बोलले.

त्यांच्या मुलानं, गोकुळनं, ती हौसेनं सेकंडहँड घेतली होती. सवड मिळाली की वरवट बकालच्या घरी अंगणात बॉनेट उघडून बसायचा, आणि त्याची बायको सुचिता पक्कड हातात घेऊन शेजारी उभी असायची. दीड वर्षापूर्वी तो काविळीनं गेला. मागे सुचिता आणि नुकती पावलं टाकणारी छकुली राहिली.

सुनेसाठी स्थळ किसनरावांनीच शोधलं. बुलढाण्याचा एक विधुर शिक्षक, शांत माणूस. सुचिता म्हणाली, "तुम्ही म्हणान तसं, बाबा." किसनरावांची बायको झुंबरबाई मात्र छकुलीला मांडीवर घेऊन चुलीपुढं बसून राहिली.

मग लग्नासाठी बुलढाण्याला जायचा दिवस ठरला, की त्या सकाळी गाडी मुकी व्हायची. लोक म्हणाले, एसटीनं जा. किसनरावांना ते पटेना. लेकीसारखी पोर, घरच्याच गाडीतून जावी.

आज त्यांना कळलं. नात दूर जाणार, हे झुंबरबाईला सोसत नव्हतं. त्यांना तिचा राग आला नाही. त्यांचंही काळीज तुटतच होतं. बायकोला त्यांनी काही विचारलं नाही. गाडी फक्त पुन्हा ठरलेल्या लग्नाच्या सकाळपर्यंत प्रेमानंदकडेच ठेवली.

त्या सकाळी गाडी थेट दारात आली आणि पहिल्याच चावीला सुरू झाली. झुंबरबाईनं सुनेची ओटी भरली, नातीचे मुके घेतले आणि मागं न पाहता आत गेली. सुचिता रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती. लग्न लागलं. निघताना किसनरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं त्यांचे पाय धरले, ते बराच वेळ सोडले नाहीत.

किसनराव एकटेच परतले तेव्हा ऊन कलत होतं. झुंबरबाई ओसरीवर छकुलीचं झबलं घडी करत बसली होती. ते तिच्याजवळ टेकले.

"गाडीचं मले कळलं होतं," ते म्हणाले. "तुले बोललो नाही. तुह्या जिवाले काय होत असंन, समजत होतं मले."

"काय कळलं होतं?"

"वायर तू कापत होती, ते."

झुंबरबाईचे हात थांबले.

"मी? मी तं गाडीले हातबी नाही लावला," ती म्हणाली. "मले वाटे, तुम्हीच कापता. पोरीले धाडाचं तुमच्यानं होत नसंन. म्हणून तं मी गप्प राह्यली."

त्या घरात तिसरं मोठं माणूस एकच होतं, आणि किसनराव आत्ताच तिला बुलढाण्याला सोडून आले होते.