जागा भरण्यापुरता मजकूर

"दादा, मला इथून घेऊन जा," असं यमूनं सासरहून लिहिलेल्या पत्राला भार्गवरावांनी चाळीस वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. छापखान्यात पानं मांडताना मोकळी जागा भरायला त्यांनी तेच वाक्य वापरलं, आणि पुढे छपाईच्या यंत्रांनी ते नमुना मजकूर म्हणून उचललं. आता जिथे मजकूर नसेल तिथे तेच उमटे. कुणी वाचत नसे.

अखेर त्यांनी लिहिलं, 'यमू, "दादा, मला इथून घेऊन जा" असं म्हणाली होतीस. येतोय.'

टपालखिडकीतली मुलगी पत्र यंत्राखाली धरून म्हणाली, "आजोबा, यातला नमुना मजकूर यंत्र गाळणार."

"ते माझ्या बहिणीचं वाक्य आहे."

"अहो, जाहिरात नसली की आमच्या दुधाच्या पिशवीवरही असतं ते."

यमूकडेही रोज दूध येत असणार, तिचंच वाक्य घेऊन, उत्तराविना. वाक्य गळालं तरी 'येतोय' तेवढं उरणार होतं. भार्गवरावांनी पत्र पेटीत टाकलं.