वक्त्याची काठी

दोन-तीन नावं विसरलो, तर डॉक्टर पेसेता म्हणाले, “आतडं बिघडलं की म्हातारपणी डोकंही बिघडू शकतं.” त्या दिवसापासून बायकोनं, म्हणजे तालितानं, डबाबंद खारं मांस बंद केलं आणि तिन्ही वेळा अळूची उकडलेली पानं वाढायला घेतली. कुरकुर केली की म्हणे, “अहो, गुरं करतात का कधी तक्रार?”

वैताग नुसता! पण मी गावाचा वक्ता. सभेत सात पिढ्यांची नावं धडाधड म्हणायची. स्मरण गेलं की वक्त्याची काठी धाकट्या भावाकडे. म्हणून गिळत होतो.

डॉक्टरांनी रोज सकाळी फेरीही सांगितली होती. सामोआत आमच्या घरांना भिंती नसतात आणि जेवणारा माणूस रस्त्यावरच्याला “या, जेवायला या!” म्हणतोच. ‘पोट भरलंय’ म्हणून पुढं जायची रीत आहे, पण पानांवर जगणाऱ्याच्या तोंडून ते काही निघेना.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. तालिता मला अगदी खेटून बसली होती.

“काठी तुमच्याकडे ठेवायची की नाही, ते सभेला कळवायचंय,” डॉक्टर म्हणाले. “सोप्पं विचारतो. आज सकाळपासून काय काय खाल्लंत, सगळं सांगा.”

शेजारच्या लागीकडचं खारं मांस, मास्तरणीकडचं भाजलेलं डुक्कर, पाद्रीबाईंचे तळलेले गोळे आणि ते किती, सगळं लख्ख आठवत होतं. तालिता माझ्याकडे बघत होती.

 

“आठवत नाही, डॉक्टर,” मी म्हणालो.