झोळीपर्यंत

ब्याऐंशीत लग्नाआधी आम्ही दोघांनी पाहिलेला तो विनोदी सिनेमा टीव्हीवर लागला, तेव्हा कोरी कॅसेट नव्हती. “निनादच्या मुंजीच्या कॅसेटवर टेप करू?” ह्यांनी विचारलं. “करा की! मुंज कशाला बघायची, मुलगा समोर आहे ना,” मी म्हटलेलं. पुढच्याच वर्षी निनाद मित्रांबरोबर खडवलीला नदीत पोहायला गेला, तो आलाच नाही. तेव्हापासून दर रविवारी तो सिनेमा लावते. हे म्हणतात, “पुढे पळव.” पण टेप तुटली तर? आज शेजारच्या हेमावहिनीही बघायला बसल्या, पोटभर हसल्या. “संपला,” म्हणत उठल्या. मी उठले नाही. पडद्यावर मुंग्या आल्या आणि उरलेली मुंज सुरू झाली. डोक्याचा गोटा केलेला निनाद माझ्यापुढे झोळी पसरून म्हणाला, “ॐ भवति भिक्षां देहि.” पडद्यावर मी हसत लाडू उचलला. आजही तो झोळीत पडायच्या आत कॅसेट संपली.