सोळा सेकंद

लेक शाळेच्या शंभर मीटरच्या शर्यतीत पहिली आली. बाबांपुरतं मात्र हे घडलंच नाही, म्हणून आपणही ते घडलं नाही असं धरून चालू. बाबा एका कंपनीच्या सुरक्षा कक्षात बसतात. रोज आठ तास कॅमेऱ्यांचे बारा पडदे बघतात आणि माशीसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नाही, असं साहेब स्वतः म्हणतात. आज तर एकच मैदान होतं आणि त्यात आपली एकच पोरगी. शिट्टी वाजली आणि नेमका मोबाईल थरथरला. कुणीतरी गुलाबाचा फोटो पाठवला होता. गुलाबाला अंगठा पाठवून बाबांनी मान वर केली, तर टाळ्या चालू होत्या. मग त्यांनीही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात.

घरी जाताना गळ्यातलं पदक चाचपत लेकीने विचारलं, "बाबा, मी मध्येच अडखळले तेव्हा घाबरलास का रे?"

"घाबरलो म्हणजे? काळजाचं पाणी पाणी झालं माझ्या! पण म्हटलं, वाघीण आहे आपली, सावरेल."



"मी अडखळलेच नव्हते, बाबा," ती म्हणाली आणि तिने पदक काढून दप्तरात ठेवलं.

घरी पोचल्यावर बाबा चपलाही न काढता अर्ज लिहायला बसले. 'माननीय मुख्याध्यापिका, सदर शर्यत त्याच मुलींना घेऊन, त्याच निकालासह पुन्हा एकदा घेण्यात यावी, ही नम्र विनंती. या वेळी अर्जदार उपस्थित राहील.'