पहिला हक्क

कालव्याच्या पाण्यावर पहिला हक्क म्हाताऱ्याचा आणि शेवटचा त्याच्या धाकट्या भावाचा. दोघांत कित्येक वर्षांचा अबोला. यंदा शेवटच्याला थेंबही मिळत नव्हता, आणि म्हातारा पडीक रानात पाणी सोडून बसला होता. पाणी वाया घालवणाऱ्याचा हक्क जातो, म्हणून तपासनीस बाई आल्या.

“आजोबा, पेरलंय काय इथे?”

“काही नाही. माझं पाणी, दगडाला घालीन!”

मग एवढं पाणी जातं कुठे? बाई ओल दिसेल तिकडे चालत गेल्या. बांधापाशी पाणी जमिनीत मुरत होतं. पलीकडे धाकट्याची बाग हिरवीगार होती.

“त्याला सांगू नका हं,” मागून म्हातारा हळूच म्हणाला. “बागेत झरा लागलाय म्हणून मिरवतोय. माझं पाणी आहे हे कळलं, तर बाग वाळवेल, पण घेणार नाही.”