सर्जेरावांचं कुलूप

नव्या इंजिनिअर तनुजा मॅडमच्या केसांत मैदा, भुवयांवर मैदा, कोपरांना ग्रीस. हडपसरच्या त्या बिस्किट कारखान्यात एरवी कुणीतरी फिस्सकन हसलं असतं. आज कुणी हसेना. मैदा मळायचा मोठा मिक्सर दीड तास बंद होता आणि त्याच्या स्विचवर फिटर सर्जेरावांचं लाल कुलूप लटकत होतं.

सर्जेराव आले ते मान खाली घालून. दुपारी मिक्सर दुरुस्त केला, कुलूप काढायचं विसरले आणि किल्ली खिशात टाकून कंपनीच्या बसनं थेट लोणी काळभोरला घरी. जीप न्यायला आली तेव्हा भरल्या ताटावरून उठले. तीस वर्षांत एक मेमो नाही, आता पहिला मिळणार. तोही या कालच्या पोरीच्या हातून, जिनं आल्या आल्या प्रत्येक फिटरला दुरुस्तीच्या वेळी स्विचला लावायला स्वतःचं कुलूप दिलं होतं. मशीन म्हणजे काय तिजोरी आहे का, म्हणून सगळ्यांत जास्त टिंगल यांनीच केलेली.

कुलूप काढून झालं, पण त्यांना राहवेना.

"एवढा खोळंबा झाला, तर कापायचं की मॅडम. कटर हाय आपल्याकडं."

"आज तुमचं कापलं, की उद्या कुणाचंही कापतील," मॅडम म्हणाल्या. "आणि तो उद्याचा आत असेल."

एवढं बोलून त्या मिक्सरच्या पलीकडे गेल्या. मग ऑपरेटर धोंडिबानं हळूच सगळं सांगितलं. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे, हा मॅडमचाच नियम. शिफ्ट बदलली तरी कुलूप तसंच, हाका मारल्या तर सर्जेरावांचा पत्ता नाही. मॅडम बॅटरी घेऊन स्वतः मिक्सरमध्ये उतरल्या, खाली गिअरपाशी सरपटल्या, वर मैद्याच्या टाकीत डोकावल्या. शेवटी त्यांच्या घरी फोन लावला. पलीकडून सर्जेरावांचाच आवाज आला. फोन धोंडिबाच्या हातात देऊन त्या मटकन खाली बसल्या.

सर्जेरावांनी मिक्सरच्या पलीकडे पाहिलं. पोरीचा जीव टांगणीला लावून आपण घरी निवांत भाकरी मोडत होतो. मेमोची भीती कुठल्या कुठे गेली, लाज तेवढी उरली.

धोंडिबाचा हात बटणाकडे गेला.

"थांब." सर्जेरावांनी झाकण उचलून आत पाहिलं, वाकून खाली पाहिलं, मग पलीकडे हाक दिली.

"मॅडम, हितं या. माझ्या नजरंसमोर उभ्या ऱ्हावा. मग चालू करू."